रत्नागिरीतील एमबीबीएसच्या विद्यार्थिनीची जीवशास्त्राची शिकवणी: एका पालकाचा सविस्तर अभिप्राय

माझी मुलगी बारावीच्या विज्ञान शाखेत आहे आणि गेल्या जूनपासून ती रत्नागिरीत शिरगावच्या बाजूला चालणाऱ्या एका लहानशा जीवशास्त्राच्या शिकवणीला जाते. शिकवणी घेणाऱ्या ताई स्वतः एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षात शिकतात. त्यांना जाहिरात नको आहे आणि त्या अजून विद्यार्थिनीच आहेत, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही; मात्र अशा प्रकारची शिकवणी आपल्या मुलांना उपयोगी पडेल का, असे अनेक पालक विचारत असतात आणि त्यांना सविस्तर उत्तर मिळावे यासाठी हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. जीवशास्त्र समजून घेण्यासाठी याहून चांगली शिकवणी आमच्या परिसरात मला दिसली नाही. परंतु नीटची, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची, संपूर्ण तयारी एकाच ठिकाणी व्हावी अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांच्यासाठी ती पुरेशी नाही.

अशी शिकवणी रत्नागिरीत मिळू शकते, हीच मुळात नवी गोष्ट आहे. किनारपट्टीवर सावर्डे-डेरवणचे खासगी वैद्यकीय महाविद्यालय पूर्वीपासून होते, पण सरकारी महाविद्यालयासाठी येथील मुले मिरज, कोल्हापूर किंवा मुंबईला जात आणि सुटीतच घरी दिसत. २०२१ मध्ये अलिबाग आणि सिंधुदुर्गात ओरोस येथे, आणि २०२३ मध्ये रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यामुळे दोन-तीन वर्षांपूर्वी स्वतः नीटची परीक्षा दिलेली, अभ्यासक्रम अजून ताजा असलेली मुले-मुली प्रथमच आपल्या गावात राहू लागली आहेत. जाकादेवी, पावस किंवा गणपतीपुळ्याकडून एसटीने येणाऱ्या मुलांना वैद्यकीय शिक्षण घेणारी एखादी व्यक्ती समोर बसून शिकवते आहे, याचा परिणाम केवळ गुणांपुरता नसतो. माझ्या मुलीने पहिल्या आठवड्यातच घरी येऊन सांगितले की, ताई लांज्याच्या मराठी शाळेतून दहावी झाल्या आहेत. त्यानंतर अकरावीतल्या इंग्रजी पुस्तकाविषयीची तिची भीती बरीच कमी झाली.

ही भीती खरी असते आणि पालकांनी ती हलक्यात घेऊ नये. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेला मुलगा अकरावीत एकदम इंग्रजीतून शिकू लागतो आणि पहिले सहा महिने तो जीवशास्त्र शिकत नसतो, तर वाक्यांचा अर्थ लावत असतो. त्यात त्याच्यासमोर एक नव्हे, तीन परीक्षा असतात आणि तिन्हींची मागणी वेगळी असते. मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत जीवशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा असतो, ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि उत्तरे आकृतीसह लिहावी लागतात. नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण एकट्या या विषयाचे असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक गुण जातो. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, जीवशास्त्राचे १०० प्रश्न १०० गुणांसाठी असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. कृषी किंवा औषधनिर्माणशास्त्राकडे वळणाऱ्या आपल्याकडच्या मुलांसाठी ही तिसरी परीक्षा नीटइतकीच महत्त्वाची असते, पण मोठ्या क्लासमध्ये तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

ताईंनी पहिल्याच तासाला मुलांकडून बालभारतीच्या (राज्य मंडळाच्या) आणि एनसीईआरटीच्या (नीटसाठी लागणाऱ्या केंद्रीय) पुस्तकांच्या अनुक्रमणिका समोरासमोर ठेवून घेतल्या आणि कोणते प्रकरण कोणत्या परीक्षेसाठी आहे, याच्या खुणा करून दिल्या. हे काम वरवर साधे वाटते, पण त्याचा उपयोग वर्षभर होतो. उदाहरणार्थ, वनस्पती आणि पाणी यांच्या संबंधाचे प्रकरण मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात आहे, तर नीटच्या अभ्यासक्रमातून वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण आणि मानवी पचनसंस्था ही प्रकरणे २०२४ पासून वगळण्यात आली आहेत. बाजारात मिळणाऱ्या जुन्या प्रश्नसंचांत मात्र त्यांचे प्रश्न अजूनही आहेत आणि मुले त्यावर आठवडे घालवतात. सीईटीच्या प्रश्नपत्रिकेत अकरावीचा भाग साधारण वीस टक्के असतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

शिकवण्याची पद्धत अशी आहे. मुलाने पुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि तोच भाग मराठीत समजावून सांगायचा. सांगता आला की मग तो इंग्रजीत लिहायचा. ताई मध्ये बोलत नाहीत. मूल अडखळले तर त्या फक्त पुढचा प्रश्न विचारतात. गटात आठपेक्षा जास्त मुले घेतली जात नाहीत, त्यामुळे प्रत्येकावर ही वेळ येतेच आणि कोणालाही मागच्या बाकावर लपता येत नाही. सुरुवातीला माझ्या मुलीला हे फार जड गेले. वाचलेले समजले आहे असे वाटणे आणि ते दुसऱ्याला सांगता येणे यांत किती अंतर असते, हे तिला तेथे कळले.

श्वसन आणि रक्ताभिसरणाचे प्रकरण त्यांनी ज्या रीतीने घेतले, त्याचे वर्णन करणे आवश्यक वाटते. त्यांनी आपला स्टेथोस्कोप आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणले होते. मुलांनी आधी एकमेकांची नाडी मोजली, मग जिना चढून-उतरून पुन्हा मोजली, आणि त्या आकड्यांवरून हृदयातून मिनिटाला किती रक्त बाहेर पडते हा हिशेब वहीत मांडला: एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे जवळजवळ पाच लिटर. त्यानंतर स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारा पहिला आवाज अलिंद आणि निलय (हृदयाचे वरचे आणि खालचे कप्पे) यांच्यामधल्या झडपा मिटण्याचा असतो आणि दुसरा आवाज निलयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या अर्धचंद्राकृती झडपा मिटण्याचा असतो, हे त्यांनी प्रत्येकाला ऐकवून सांगितले. पुस्तकातली हृदयाची आकृती माझ्या मुलीने अनेकदा काढली होती, पण ‘झडपा आत्ता का मिटल्या’ हा प्रश्न तिला त्या दिवसापर्यंत कोणी विचारला नव्हता. वृक्काच्या, म्हणजे मूत्रपिंडाच्या, प्रकरणातही असेच झाले. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि मूत्र मात्र दीड लिटरच्या आसपास बाहेर पडते, मग उरलेले कोठे गेले, या एका प्रश्नावर त्यांनी संपूर्ण तास घेतला. मुलांनी नेफ्रॉनचा (वृक्कातल्या गाळणाऱ्या सूक्ष्म नळीचा) एकेक भाग स्वतःच शोधत नेला आणि शेवटी हेन्लेच्या वळणाचे कामही त्यांना पाठ करावे लागले नाही.

मला सर्वांत अधिक भावलेली गोष्ट अशी की, ताई विषय कोकणातल्या वस्तूंवरून शिकवतात आणि त्या वस्तू नेमक्या परीक्षेला येणाऱ्या भागातल्याच असतात. प्राण्यांच्या वर्गीकरणाचा तास त्यांनी मासळी बाजारातून आणलेल्या मुशी (लहान शार्क) आणि बांगड्यावर घेतला. मुशीच्या डोक्याच्या बाजूला कल्ल्यांच्या फटी उघड्या दिसतात, बांगड्याचे कल्ले झाकणाखाली असतात. मुशीच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर खरखर लागते, कारण तिच्या कातडीत दातासारखे बारीक खवले असतात. मुशीचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि तिला वाताशय नसल्यामुळे बुडू नये म्हणून सतत पोहत राहावे लागते. नर मुशीच्या श्रोणीपरांजवळची आलिंगके (मिलनासाठीचे अवयव) पाहिल्यावर अंतर्गत फलनाचा मुद्दा वेगळा सांगावा लागला नाही. पाकटही याच गटातला, हे एका खारवी समाजातल्या मुलाने स्वतः ओळखून सांगितले आणि त्याच्या शेपटीचा काटा किती विषारी असतो, हे वर्गातल्या इतरांना त्यानेच समजावले. पुढच्या तासाला माकूल (स्क्विड) आणि तिसऱ्या (शिंपल्या) एकाच संघातले कसे, आणि कोळंबी त्यांच्यात का बसत नाही, यावर बराच वाद झाला. जी मुले पुस्तकातली लॅटिन नावे पाहून हिरमुसतात, त्यांच्याच घरी हे सगळे प्राणी रोज येतात, याची जाणीव करून देणारा शिक्षक मिळणे ही मोठी गोष्ट आहे.

वनस्पतींचे पुनरुत्पादन शिकवताना त्यांनी शहाळे फोडले. शहाळ्याचे पाणी म्हणजे पेशीभित्ती तयार न झालेला, केंद्रके मोकळी असलेला भ्रूणपोष (बीमधल्या गर्भाचे अन्न), आणि आतले पांढरे खोबरे म्हणजे पेशीमय झालेला भ्रूणपोष, हा नीटचा नेहमीचा प्रश्न मुलांच्या तोंडात अक्षरशः जाऊन बसला. आंबा आणि नारळ ही दोन्ही एकाच प्रकारची, आठळीयुक्त फळे आहेत. आंब्याचा आपण खातो तो भाग मधल्या आवरणाचा आणि नारळाचा काथ्या हाही त्याच मधल्या आवरणाचा. काजूचे बोंडू हे खोटे फळ आणि बोंडूखाली लोंबणारी बी हेच खरे फळ, हेही त्यातच आले. हापूसची कोय लावून हापूस का येत नाही आणि कलमच का बांधावे लागते, यावरून त्यांनी लैंगिक आणि अलैंगिक प्रजननातला फरक काढून दाखवला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली प्रसारित केलेल्या रत्ना या जातीचे उदाहरण घेऊन संकरणानंतर निवड का करावी लागते, तेही त्यांनी सांगितले. वर्गात कलमांच्या बागा असलेली मुले होती. त्यांनी कोय कलमाची रीत सांगितली आणि ताईंनी त्यातल्या प्रत्येक कृतीचे शास्त्रीय कारण जोडून दिले. खुंट आणि कलमकाडी यांच्या सालीखालचा वाढीचा थर एकमेकांना चिकटून राहिला पाहिजे, हे त्या मुलांना हाताने माहीत होते. त्या थराचे पुस्तकातले नाव, कॅम्बियम, त्यांना त्या दिवशी कळले.

आरोग्य आणि रोग या प्रकरणात वैद्यकीय विद्यार्थिनीचा खरा उपयोग दिसतो. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) धास्ती असते. उंदरांच्या मूत्रावाटे साचलेल्या पाण्यात आलेले जिवाणू लावणी करणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. प्रतिबंधासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी जिवाणूंच्या ७०एस प्रकारच्या रायबोसोमवर (प्रथिने बनवणाऱ्या कणांवर) काम करते, आपल्या पेशींतले रायबोसोम मात्र ८०एस असतात, आणि डेंग्यूचा विषाणू रायबोसोमविना असल्यामुळे त्यावर ही गोळी काहीच करू शकत नाही, हे त्यांनी आनुवंशिकतेच्या रेणवीय पायाच्या प्रकरणाशी जोडून शिकवले. दोन प्रकरणे अशी एकत्र आली की, मुलांच्या लक्षात दोन्ही राहतात. त्याच वेळी, कोणतीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हेही त्यांनी दोनदा बजावले, आणि ते मला फार आवडले. चेतासंस्थेच्या तासाला त्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे काम सांगितले: लाल विंचवाच्या विषाने अनुकंपी चेतासंस्था (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवणारी) बेफाम होते आणि प्राझोसिन हे औषध त्या परिणामाला आवर घालते, हे त्यांनी ग्रामीण भागात रुग्णांवर उपचार करतानाच दाखवून दिले, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच किनारपट्टीवरच्या एका डॉक्टरांनी जगाला उपयोगी पडेल असे संशोधन केले आहे, हे बारावीच्या मुलांना सांगितलेच पाहिजे.

ताईंना एखादे उत्तर येत नसेल तर त्या तसे स्पष्ट सांगतात, वहीत प्रश्न लिहून घेतात आणि पुढच्या तासाला उत्तर आणतात. पालकांनी ‘डॉक्टर’ म्हटलेले त्यांना चालत नाही. ‘काकू, पदवी आणि इंटर्नशिप होईपर्यंत मी डॉक्टर नाही’ असे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितले. कोणाच्या घरच्या आजाराबद्दल विचारले तरी त्या सल्ला देत नाहीत. या मर्यादा त्यांनी स्वतः घालून घेतल्या आहेत आणि त्यामुळे माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

आता उणिवांविषयी लिहिते, कारण त्याही खऱ्या आहेत. प्राणिशास्त्र आणि मानवी शरीर यांच्या तुलनेत वनस्पतिशास्त्र येथे कमी पडते. फळे आणि फुलांचा भाग उत्तम झाला, पण प्रकाशसंश्लेषणातली रासायनिक चक्रे आणि वनस्पतींची आंतररचना हे भाग त्यांनी घाईने उरकले, आणि माझ्या मुलीला त्यासाठी आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांकडे पुन्हा जावे लागले. एमबीबीएसच्या पहिल्या दिवसापासून वनस्पतिशास्त्राशी संबंध सुटतो, हे त्याचे कारण समजण्यासारखे असले तरी नीटमध्ये जीवशास्त्राचे निम्मे प्रश्न वनस्पतिशास्त्राचे असतात, हे विसरून चालणार नाही. दुसरी उणीव नेमकी उलट प्रकारची आहे. मानवी शरीराच्या प्रकरणांत त्या कधीकधी अभ्यासक्रमाच्या फार पुढे जातात. रक्त गोठण्याची प्रक्रिया शिकवताना त्यांनी महाविद्यालयात शिकलेला संपूर्ण तपशील फळ्यावर मांडला. हुशार मुलांना ते रोचक वाटले, पण दोन मुली पुढच्या तासाला घाबरलेल्या होत्या. पालकांनी लक्षात आणून दिल्यावर, परीक्षेला लागणारा भाग फळ्याच्या डाव्या बाजूला आणि जास्तीचा भाग उजव्या बाजूला, अशी विभागणी त्या करू लागल्या.

तिसरी अडचण वेळेची आहे. वर्ग शनिवारी आणि रविवारी सकाळी प्रत्यक्ष होतो आणि बुधवारी रात्री गूगल मीटवर होतो. ताईंच्या स्वतःच्या अंतर्गत परीक्षा आल्या की शिकवणी बंद राहते, आणि विद्यापीठाच्या परीक्षेच्या काळात ती महिनाभर होत नाही. हे त्या प्रवेशाच्या वेळीच सांगतात आणि त्या महिन्याची फी घेत नाहीत, तरीही डिसेंबरनंतर अभ्यासाला वेग आलेला असताना पडलेला खंड मुलांना जाणवतो. पावसाळ्यात बुधवारच्या तासाला वीज आणि नेटवर्क यांचाही भरवसा नसतो. तास बुडाला तर त्या आपल्या आवाजात मुद्दे सांगून व्हॉट्सअॅपवर पाठवतात. ते उपयोगी असतात, पण प्रश्नोत्तरांची जागा घेऊ शकत नाहीत.

फी महिन्याला दीड हजार रुपये आहे आणि ती महिन्याच्या शेवटी द्यायची असते. वर्षाची रक्कम आधी भरून घेण्याची पद्धत येथे नाही, ही मध्यमवर्गीय आणि त्याहून कमी उत्पन्नाच्या घरांसाठी फार मोठी सोय आहे. पदवी नसलेल्या व्यक्तीने शिकवणे नियमात बसते का, असा प्रश्न एका पालकांनी मला विचारला होता. केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत कोचिंग सेंटरमधील शिक्षक किमान पदवीधर असावा अशी अट आहे, परंतु त्या सूचनांतील व्याख्येनुसार ५० हून अधिक विद्यार्थ्यांना शिकवणारे केंद्र म्हणजे कोचिंग सेंटर. आठ मुलांची घरगुती शिकवणी त्यात येत नाही. अर्थात, शिकवणाऱ्या व्यक्तीचे महाविद्यालयाचे ओळखपत्र पालकांनी पाहून घ्यावे. ताईंनी ते आम्हाला न मागता दाखवले.

ज्या मुलांना जीवशास्त्र पाठ होते पण समजत नाही, ज्यांचे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठीतून झाले आहे, किंवा ज्यांना मोठ्या वर्गात हात वर करण्याचा संकोच वाटतो, त्यांना मी येथे निःशंकपणे पाठवेन. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची सोय मात्र वेगळी करावी लागेल, आणि पूर्ण वेळेच्या सराव परीक्षाही दुसरीकडेच द्याव्या लागतील. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडवण्याची सवय आठवड्यातल्या तीन तासिकांमध्ये लागत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांमधले जीवशास्त्राचे प्रश्न ताई सोडवून घेतात, आणि कोणता प्रश्न अंदाजाने सोडवायचा नाही हे त्या गुण कापले जाण्याच्या हिशेबाने शिकवतात. पण ती तयारीची सुरुवात आहे.

एक अपेक्षा मी त्यांच्याकडे बोलून दाखवली आहे आणि येथेही नोंदवते. मंडळाच्या ३० गुणांच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी या शिकवणीत होत नाही, कारण घरात सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्या नाहीत. गटातल्या पालकांनी मिळून एक साधा सूक्ष्मदर्शक घ्यावा, अशी सूचना मी मांडली आणि चार घरांनी होकार दिला आहे. पुढच्या गटाचे प्रवेश मे महिन्याच्या अखेरीस, एका विनामूल्य तासानंतर दिले जातात. तोपर्यंत तो सूक्ष्मदर्शक आलेला असेल.